शेवटी लावलेलं पहिलं रीळ

सिनेमाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा होऊ शकतो का, या प्रश्नावर आमच्या कार्यालयात एकदा आठवडाभर काम ठप्प होतं. तसं आधीही फार काम चालत होतं असं नाही. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि मी त्या नव्या जिल्ह्याच्या एका कार्यालयात कारकून म्हणून चिकटलो होतो. कपाटं अजून आली नव्हती, कागदांचे गठ्ठे जमिनीवर, दोघांत एक खुर्ची. बाहेरच्या पाटीवर रंगाऱ्यानं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिलं होतं, पण खालून जुनं अजून दिसायचं. चहा मात्र वेळेवर यायचा.

अशात टॉकीजवर पोस्टर लागलं. दुष्काळाच्या साली ज्या पिक्चरनं अख्ख्या मराठवाड्याला रडवलं होतं, त्याचा दुसरा भाग इतक्या वर्षांनी येत होता. हिरो तोच, त्याच्या बहिणीचं काम करणारी बाईही तीच. आमच्यात लगेच दोन तट पडले. काही म्हणत, ज्यांनी पहिला इतका चांगला केला ते दुसरा वाईट कशाला करतील. माझ्या खुर्चीचा अर्धा मालक लातुरातच वाढलेला, त्यानं प्रत्येक पिक्चर टॉकीजमध्ये पाहिलेला. तो म्हणाला, "दुसरा भाग काढायचा कुणाचा? हिरो तर मेला ना पहिल्यात."

"मेला?" मी म्हणालो. "परत आला की तो घरी. शेवटी बहिणीच्या दारात येतो आणि ती हातातलं सूप टाकून पळत सुटते."

"ते सुरुवातीला आहे. शेवटी घाटात दरड कोसळते, त्यात जातो तो. बहीण दारात बसून राहते, तिथं संपतो पिक्चर."

मी हट्टाला पेटलो. सगळ्यांशी चहाची पैज लावली आणि एकेकाची साक्ष काढली. एकजात सगळे माझ्या विरुद्ध गेले. मला राग यायला हवा होता, पण घामच फुटला. कारण तो पिक्चर मी मायच्या मांडीवर बसून स्वतः पाहिला होता, आणि त्या शेवटावर आमच्या घरात बरंच काही उभं होतं.

आमचं गाव देवणीजवळ. बहात्तरच्या दुष्काळात मी पहिली-दुसरीत असेन. माय आणि बाप दोघंही तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि मी तिथं पोरांना खायला मिळणाऱ्या सुकडीच्या लालचेनं त्यांच्या मागं. घरात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी. आज कुणी दुष्काळाच्या गोष्टी रंगवून सांगायला लागलं की मला आधी त्या भाकरीची चव आठवते आणि सांगणाऱ्याचा राग येतो.

त्याच उन्हाळ्यात मामा गेला. मायचा धाकटा भाऊ. त्यांचे आईबाप लवकर गेले, मायनंच त्याला वाढवला, आणि लग्न झाल्यावर सोबत घेऊनच ती आमच्या घरी आली. नांदेडकडं गोदावरीच्या अंगानं काम मिळतंय असं कुणीतरी म्हणालं आणि तो निघाला. "पाऊस पडला की येतो, अक्का," एवढंच म्हणाला म्हणे. पुढं नायगावच्या बाजारात त्याला पाहिल्याचं एकदा ऐकू आलं. बाप जाऊन आला, सापडला नाही. पुढच्या वर्षी पाऊस पडला, मामा काही आला नाही.

तो जाऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा देवणीच्या बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. कामावरचा पगार झालेला, म्हणून खडी फोडणारी सगळी माणसं लोटली. मध्ये दोर बांधून एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मला आठवतं ते एवढंच की मी झोपलो होतो. डोळे उघडले तर पडद्यावर तो दारात उभा, खांद्यावर गाठोडं, आणि बहीण सूप टाकून धावतेय. माझ्या आजूबाजूच्या सगळ्या बाया रडत होत्या. मग दिवे लागले आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून खडीच्या ढिगाऱ्यावर बायांचं एकच चाललं, आला की त्यो माघारी. मायनं तर तो शेवट पदरात बांधूनच घेतला. बाकीचा पिक्चर ती विसरली, शेवट मात्र पाहुण्यारावळ्यांना सांगायची. काही वर्षांनी गावातल्या जाणत्यांनी बापाला सुचवलं की आता मामा वारला असं धरून त्याचं पुण्यानुमोदन करून टाका, भंतेजींना बोलवा, चार माणसं जेवू द्या. माय चवताळली. "जित्या मानसाचं करत्यात व्हय? पिच्चरमंदी किती वर्सानं आला त्यो?" सिनेमातला माणूस आणि आपला माणूस यांचा काय संबंध, असं तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझी तर नाहीच, कारण मलाही तेच वाटत होतं.

जिल्हा बदलला तेव्हापासून तिला नवीच फिकीर लागली होती. "त्यानं कागूद धाडला तर जुन्या जिल्ह्याला जाईल की रं." मी समजावलं की कागद गावाच्या नावानं येतो, पोस्टवाले बरोबर आणून देतात. तिला काही पटलं नाही. "तू नव्या जिल्ह्याचा नोकर, जुन्याचं तुला काय मालूम," म्हणाली.

तर कार्यालयात पैज हरल्यावर मी रविवारी गाव गाठलं. माय विहारात वंदनेला गेली होती. बापाला एकटं गाठून विचारलं. तो हसायला लागला.

"आरं, रिळाची शेवटची पेटीच आली नव्हती. एकच पिच्चर दोन तंबूंत चालवायचे ते लोक. उदगीरच्या बाजूला एक रीळ झालं की जीपनं आपल्याकडं. त्या दिशी जीप बसली वाटंत. तंबूवाला म्हनला, घरी जावा. कोन उठतंय? पैशे दिलते की. मंग बायांच्या बाजूनं कुनीतरी म्हनलं, त्यो घरी येतंय ते तरी लावा परत. त्यानं पहिलं रीळ लावलं, झालं."

"कुणी म्हटलं?"

"मला काय मालूम? मधी दोर व्हता."

म्हणजे दिवे लागलेले असताना, तंबूवाल्यानं सांगितलेलं असताना, सगळ्यांना ठाऊक होतं की हा शेवट नाही. मायलाही. मग ती इतकी वर्षं काय सांगत होती? विसरली होती, की तिला तोच शेवट हवा होता, की ते लावा म्हणणारी तीच होती? मी बापाला विचारलं, तर तो म्हणाला, "बायांचं कोन सांगावं," आणि बिडी पेटवली. असल्या उत्तरांचा मला लहानपणापासून संताप आहे.

मी ठरवलं, दुसरा भाग मायच्या कानावरही जाऊ द्यायचा नाही. पण गावातल्या कुणीतरी लातूरला पोस्टर पाहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात ती भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं माझ्या खोलीवर हजर.

"दुसरा भाग आलाय म्हनं. त्यो घरी आल्यावर काय झालं ते दावत आसतील."

मी म्हणालो, तिकिटं मिळत नाहीत. म्हणाली, थांबू. मी म्हणालो, सगळे म्हणतात पहिल्याची सर नाही. "वाईट आसू दे. मला काय पास-नापास करायचाय त्याला?" शेवटी मी म्हणालो, माय, तो पिक्चर नको बघूस. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पायात चपला घातल्या. मला भीती वाटत होती. तिच्या भावाला इतकी वर्षं जिवंत ठेवणारी एकच गोष्ट होती, आणि मीच तिला हाताला धरून ती मोडायला घेऊन चाललो होतो.

दुपारचा खेळ. पिक्चर सुरू झाला तोच बहिणीच्या घरात. ती म्हातारी दाखवलेली, केसांना पांढरी पावडर फासून, आणि तिच्या मागं भिंतीवर हिरोचा फोटो. फोटोला हार. मी पडद्याकडं बघितलंच नाही, मायकडं बघत राहिलो.

"हार घातलाय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

"हं."

तेवढ्यात दार उघडलं आणि तोच हिरो आत आला, मिशा लावून. मायनं माझं मनगट घट्ट धरलं. "ह्यो बघ. आला." पुढच्या रांगेतली एक बाई फिस्सकन हसली.

"माय, तो त्याचा मुलगा आहे."

"पर त्योच हाय की."

"एकच माणूस दोघांचं काम करतोय."

पडद्यावर मुलगा मुंबईला जाऊन बंगल्याच्या जिन्यावर गाणं म्हणत होता. मग ती माझ्याकडं वाकून म्हणाली, "तोंड तेच आसलं की चालतंय व्हय?"

"पिक्चरमध्ये चालतं."

"हं," म्हणाली आणि शेवटपर्यंत बघत राहिली. मधल्या सुट्टीत भाकरीही खाल्ली. ती रडली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

पिक्चर चांगला होता की वाईट, मला सांगता येत नाही. नंतर कार्यालयात सगळ्यांनी विचारलं, पहिल्याच्या तोडीचा आहे का. कोणत्या पहिल्याच्या? त्यांच्या पहिल्यात माणूस मेला होता, म्हणून त्यांना दुसरा भाग सरळ पुढचा वाटत होता. माझ्या पहिल्यात तो बहिणीच्या दारात उभा होता, तिथून या हारापर्यंत यायला मला रस्ताच नव्हता. त्यांनी दुसऱ्याला नापास केलं. मला तर पहिलाच कोणता ते ठरवता येईना.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आम्ही टॉकीजच्या बाहेर उन्हात आलो. समोर रिक्षावाल्यांचा गलका. माय पायरीवरच थांबली.

"आपल्याकडं त्याचा फोटू हाय का रं?"

नव्हता. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, दुसरं काही नाही. मामाचा फोटो काढायला कुणाकडं काय होतं. मी नाही म्हणालो.

टॉकीजला लागूनच फोटो स्टुडिओ होता. तिनं बाहेर काचेत लावलेले नवरा-नवरीचे फोटो पाहिले. "माझं आनी त्याचं तोंड एक हाय," म्हणाली. "समदे म्हनायचे. माझा काढ."

मी कशाला, काय, असं विचारत राहिलो. "आसू दे," एवढंच उत्तर. आत मागं तळं आणि कमळं रंगवलेला पडदा होता, तो तिनं काढायला लावला. फोटोवाला म्हणाला, मावशी, पदर नीट घ्या. तिनं उलट पदर डोक्यावरून खाली घेतला, दोन्ही हातांनी केस कानामागं दाबून चापून बसवले आणि हनुवटी वर केली. अशी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मामा असा बसायचा का, मला माहीत नाही. मला मामाचा चेहराच आठवत नाही, गाठोडं तेवढं आठवतं, आणि तेही बहुतेक पिक्चरमधलंच असावं.

फोटो हातात आला तेव्हा मला वाटलं आता ती एक तर त्याला हार घालील, नाही तर म्हणेल की तू सरकारी माणूस, हा नांदेडला पाठव आणि शोध घे. तिनं दोन्ही केलं नाही. फोटो ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवून दिला. शेवट सांगायचं मात्र त्या दिवसानंतर बंद झालं. मी कधी विषय काढला तर म्हणायची, "व्हता एक पिच्चर."

माय गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला फोटो लागणार होता. लग्नाकार्यात घोळक्याचे काढलेले एक-दोन होते, त्यात ती कुणाच्या तरी मागं, अर्धी. एकटीचा असा तो स्टुडिओतलाच. मी तो मोठा करून आणला आणि पाटावर मांडला. भंतेजी आले, गाव आलं. म्हातारी माणसं फोटोपुढं थांबत होती. कुणी म्हणालं, हुबेहूब हाय. कुणाचा हुबेहूब, ते मी विचारलं नाही.

हार माझ्या हातात होता. सगळे थांबले होते, म्हणून मी तो घातला. जित्या माणसाचं करत नाहीत म्हणून जो हार तिनं जन्मभर अडवून धरला होता, तोच मी घातला की काय, हे मला अजून कळलेलं नाही.