कंपनीचा रंग

वस्तूचं नवेपण राखण्यासाठी आमच्या दाजींइतका खटाटोप या भूतलावर दुसऱ्या कुणी केला असेल, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेच्या वर्कशॉपात पंधरा-वीस वर्षं गाड्यांना रंग मारून पेन्शनीत निघाले आणि साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला पत्र्याची शेड ठोकून स्प्रे पेंटिंगचा धंदा करू लागले. त्यांच्या सायकलच्या दांड्यांवर कारखान्यातून गुंडाळून आलेला खाकी कागद मी पाहिला तेव्हा अकरा वर्षांचा होता. रेडिओ पुठ्ठ्याच्या खोक्यातच असे. काटा दिसावा आणि कान पिळता यावेत एवढीच भोकं खोक्याला पाडलेली होती. बातम्या खोक्यातून येत, त्यामुळे त्या घरात युद्धाची बातमीसुद्धा कशी सांभाळून, गवतात घालून पाठवल्यासारखी वाटे. स्टीलच्या डब्यावरचं कंपनीचं लेबल घासताना निघालं म्हणून त्यांनी अक्काशी दोन दिवस अबोला धरला होता. अक्का मात्र गप्प बसणारी नव्हती. पाव्हण्यांना चहा देता देता ती म्हणे, "समद्याचा रंग राखत्यात हे. माझा तेवढा कंपनीचा रंग न्हाई राखला. चुलीफुडं काळा पडला."

आता असा माणूस रंगाऱ्याचा धंदा करतो म्हणजे शाकाहारी माणसानं खाटीकखाना चालवण्यातला प्रकार. गिऱ्हाईक मोटारसायकल घेऊन येई आणि दाजी त्याला रंग न मारून घेण्याबद्दल समजावत बसत.

"काय झालंय गाडीला?"

"रंग उडालाय जरा टाकीचा, फौजी."

"उडू दे की. ऱ्हायलाय तेवढा कंपनीचा हाय."

"आवं पन मला लाल पायजे."

"लाल पायजे तर लाल घ्याची हुती. काळी घेऊन तिला लाल करतोस, ती काय म्हनंल?"

गाडी काय म्हणेल याचा विचार गिऱ्हाइकानं आयुष्यात केलेला नसे. तो चहा पिऊन, काळी गाडी घेऊन परत जाई. जे हट्टानं थांबत त्यांचं काम मात्र दाजी असं करत, की टाकीत तोंड बघून भांग पाडावा. पण काम झाल्यावर कुणी वाखाणलं की त्यांचा चेहरा उतरे. "बरं झालंय," ते म्हणत, "पन कंपनी ती कंपनी."

या साऱ्या भक्तीचं मुख्य दैवत घरात खिडकीपाशी उभं होतं. मिरजेकडे राहणारा एक अमेरिकन साहेब मायदेशी परतताना सामान विकायला काढत होता, त्यातून दाजींनी एक पेडल स्टील गिटार आणली. ही गिटार मांडीवर घ्यायची नसते. चार पायांवर मेजासारखी उभी असते, वर दहा तारा, खाली पायानं दाबायच्या कळा, बाजूला गुडघ्यानं ढकलायचे दांडे. वाजवणारा माणूस एकाच वेळी शिवणयंत्र चालवतोय आणि इस्त्री करतोय असं लांबून वाटतं. दाजींना त्यातलं काहीच वाजवता येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्यांना हवा होता तिचा रंग. पिकलेला चिकू कापल्यावर आत दिसतो तसा तांबूस, त्याखाली लाकडाच्या रेषा लाटांसारख्या हलणाऱ्या आणि वरून मधासारखं लॅकर. रोज सकाळी दाजी तिच्यावर तोंडानं वाफ सोडत आणि ती वाफ कशी सरकत जाते ते डोळे बारीक करून बघत. आमच्याकडे लोक देवाला नैवेद्य दाखवतात, ते तिला श्वास दाखवत.

मी त्या काळी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि गावातल्या एका ऑर्केस्ट्रात साधी स्टील गिटार वाजवत असे. वाजवत असे, असं मीच म्हणत असे. तारेवर लोखंडी कांडी सरकवून सूर गाठायचा असतो. माझा सूर बहुधा पुढच्या स्टेशनावर उतरे. हा दोष माझ्या हाताचा नसून कळा नसलेल्या गिटारीचा आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. म्हणून दसऱ्याच्या कार्यक्रमासाठी दाजींची गिटार मिळावी म्हणून मी अक्काला गाठलं. दाजी पेरणीसाठी पंधरा दिवस गावी निघाले होते. अक्का त्यांना म्हणाली, "द्या की त्याला. न्हाईतर तुमी गेल्यावर हिच्यावर सांडगं वाळत घालते." दाजींनी डोळे मिटून घेतले. मग मला बाजूला नेलं आणि फाशीच्या कैद्याची शेवटची इच्छा सांगावी तशा आवाजात म्हणाले, "पावणं, वाजवा, कायबी करा. पन हात लावू नगा."

मी हात लावला नाही. जे केलं ते देवाधर्मानं केलं. खंडेनवमीला आमच्या ऑर्केस्ट्रात वाद्यांची पूजा असे. ढोलकी, पेटी, माझी जुनी गिटार आणि मधोमध हे विलायती दैवत, सगळी झेंडूच्या माळा घालून मांडली. सर्वांत चांगलं वाद्य मी आणलेलं, म्हणून आरतीचा मानही माझा. आरती ओवाळून झाली, आता टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून मी पितळी ताट समोर सपाट जागा दिसली तिथे ठेवलं आणि डोळे मिटून, तल्लीन होऊन टाळ्या वाजवू लागलो. ताटात कापूर पेटलेला होता. दोन कडवी झाल्यावर कापराखेरीज वेगळाच वास आला. ताट उचललं तेव्हा कंपनीच्या रंगात एक चंद्रकोर उगवली होती, फोडांसकट.

दसऱ्याचा कार्यक्रम मी कसा वाजवला ते विचारू नका. लोक म्हणाले, नेहमीसारखाच. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, गिटार गोधडीत गुंडाळली आणि मिरजेची पॅसेंजर पकडली. खिडकीची जागा तिला दिली, मी उभा राहिलो. मिरजेत सतारी करणारे एक म्हातारे चाचा होते, बोटं लाखेनं रंगून कायमची तांबडी झालेली. त्यांनी डाग पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, आरती वाद्याची करत्यात. वाद्यावर न्हाई." मग त्यांनी तेवढी जागा घासली आणि चपडी लाख स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या पोटलीनं एकावर एक असे पातळ हात आठ दिवस दिले. नवव्या दिवशी मी आणायला गेलो तर डाग कुठे होता ते मला सापडेना. मी आनंदानं चाचांच्या पाया पडलो.

दाजी गावाहून आले, पायसुद्धा न धुता खिडकीपाशी गेले. वाफ सोडली. माझा श्वास थांबला, त्यांचा सुटत होता. उजव्या कोपऱ्यातून वाफ सरकत आली आणि बरोबर त्या जागेवर दाजी थांबले. तळहाताची मागची बाजू फिरवली. पुन्हा वाफ सोडली. मग अक्काला हाक मारली. मी चपला शोधू लागलो.

"बघ," दाजी म्हणाले, "हितं बघ. कसा आत उतरलाय रंग. ह्याला म्हनत्यात कारखाना. आजवर माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाजी नेमकी तीच जागा दाखवू लागले. पोस्टमन, दूधवाला, मोटारसायकलवाले, सगळ्यांनी तिथे वाकून बघितलं. मला सुरुवातीला मजा वाटली. कबूल करतो, मित्रांना मी हे खाजगीत नक्कल करून सांगितलंही.

मजा संपली ती अक्का कचेरीत मला भेटायला आली तेव्हा. ती कधी कचेरीत येत नसे. म्हणाली, "तुझ्या दाजींनी शेड बंद ठिवलीया, म्हैना झाला. गिऱ्हाईक माघारी धाडत्यात. म्हनत्यात, आपून जल्मभर नुसतं फासलं."

मी शेडमध्ये गेलो. भिंतीला टेकून पत्र्याचे तुकडे ओळीनं उभे होते, चिकूच्या रंगाचे, पंधरा-वीस तरी. दाजी त्या जागेसारखा रंग स्वतःच्या हातानं काढून बघत होते आणि तो येत नव्हता. येणार कसा? गनच्या फवाऱ्यानं पोटलीचं काम होत नसतं, पण ते पोटलीचं आहे हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. प्रत्येक तुकडा सुंदर होता. दाजी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. "पावणं," ते म्हणाले, "वीस वर्सं फौजेनं मला फुकट पोसलं बघा."

मी सांगून टाकलं. आरती, ताट, कापूर, पॅसेंजर, सगळं. आता आयुष्यभर या घरचा चहा बंद, एवढी तयारी ठेवूनच सांगितलं.

दाजी उठले आणि घरात गेले. मी मागोमाग. त्यांनी गिटारीवर वाफ सोडली.

"कुठनं कुठवर?" त्यांनी विचारलं.

मला दाखवता येईना. मग त्यांनीच बोट ठेवलं आणि सावकाश फिरवलं. चंद्रकोर जशीच्या तशी.

"कुनी केलं म्हनालास?"

"मिरजेचे एक चाचा."

"जित्तं हायत?"

"हायत."

"मग उचल तिला."

मिरजेच्या पॅसेंजरमध्ये दाजींनीही खिडकीची जागा तिलाच दिली. चाचांपुढे त्यांनी गिटार ठेवली आणि पिशवीतून आपल्या पत्र्याचे तीन तुकडे काढून गुन्ह्याच्या पुराव्यासारखे मांडले. चाचांनी गिटारीकडे पाहिलंही नाही. एक तुकडा उचलून उजेडात तिरका धरला.

"हे कुनी मारलं?"

"मी."

"गननं? मला ती गन कवा साधली न्हाई. लेकानं आनली हुती, माझ्या दाढीलाच रंग बसला. एवढं समदं सारखं कसं काय येतं तुमाला?"

कितीतरी दिवसांनी दाजींची पाठ सरळ झालेली मी पाहिली. मग जे बोलणं चाललं त्यात मला स्थान नव्हतं. चाचांनी माझ्याकडे हनुवटी करून एकदाच विचारलं, "ह्यानंच जाळलं न्हवं?" दाजी म्हणाले, "बायकूचा भाऊ हाय. सांगता कुनाला?"

निघायच्या वेळी चाचांनी गिटार कुशीवर केली आणि खालच्या कडेला नखानं दाखवलं. लॅकरचा एक बारीक ओघळ तिथे वाळून राहिला होता. "हे माझं न्हाई," चाचा म्हणाले. "हे त्याचं. कारखान्यातल्याचं."

दाजींनी आठ वर्षं त्या गिटारीवर हात फिरवला होता आणि खालच्या बाजूला कधी गेला नव्हता. ते वाकून बघू लागले. "वघळ आलाय की," ते पुटपुटले. "त्या दिशी घरचं कायतरी आसंल बिचाऱ्याच्या डोक्यात."

दुसऱ्या दिवशी शेड उघडली. पुढची पंधरा वर्षं दाजींनी काळ्या गाड्या मुकाट्यानं लाल करून दिल्या आणि जमेल तेव्हा मिरजेला जात राहिले. लोकांना गिटार दाखवताना आता दोन जागा दाखवत. खालचा ओघळ दाखवून म्हणत, "हे कंपनीचं," आणि वर बोट ठेवून, "हे मिरजंचं."

आधी चाचा गेले, मग दाजी. गिटार अजून अक्काच्या घरी आहे. परवा भाच्याला मी मोठ्या उत्साहानं माझ्या पराक्रमाची जागा दाखवायला गेलो. खिडकी उघडली, वाफ सोडली, तळहाताची मागची बाजू फिरवली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तांबूस रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत शांत पसरलेला होता. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. ज्यांना घावत हुतं ते गेले." तरी मी थोडा वेळ बोट फिरवत राहिलो.