नाव घातलेली भातुकली

जुन्या बाजारातल्या दुकानदाराने ताईच्या भातुकलीतलं पितळी पातेलं दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलं आणि त्याचा अंगठा नेमका कोरलेल्या नावावर थांबला. 'सुमन'. पातेल्यावर ताईचं पूर्ण नाव बसलं होतं, वाटीवर नुसतं 'सु'.

"नाव घासून काढा, मग भाव बोलू," तो म्हणाला.

ताई आता लहान घरात राहायला जातेय, म्हणून भातुकली विकायची. तिची खरी किंमत कळावी म्हणून जुन्या खेळण्यांच्या दरांची पुस्तकं आणि वेबसाइट चाळून मी थकले. एकाचा भाव दुसऱ्याशी जुळत नाही. भाव सांगणारा आणि माल विकणारा बहुतेक ठिकाणी एकच. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत: ज्या खेळण्याशी कुणी खेळलंच नाही, ते सगळ्यात महाग. मुलांचा हात लागला की भाव उतरला. वाचून वाचून शीण आला नुसता. आपल्याकडे तर नवं भांडं घरात येतं तेच नाव घालून. आईने भातुकलीलाही तोच न्याय लावला होता.

भातुकलीची पिशवी तशीच घेऊन मी ताईकडे गेले.

"नावामुळे भाव पडतो म्हणे," मी सांगितलं.

"नाव नसतं, तर तूच पळवली असतीस सगळी," ताई हसली. मग पिशवी माझ्याकडेच सरकवत म्हणाली, "आता ने. नावासकट."