खाटेचं रक्त

चूक सोमनाथचीच. तिच्यात खाटेचा दोष नव्हता, आणि केसरबाईंचा तर मुळीच नव्हता.

गोष्ट गेल्या वर्षीची, शहाण्णव सालातली. सांगवीचा सोमनाथ लॅबचा कोर्स करून इंदापूरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात चिकटला होता. शीर शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दंडाला रबरी नळी आवळली, बोटानं चाचपलं, की एका टोचणीत काम फत्ते. या हुशारीपायी एक सवय लागली होती: रक्ताचा नमुना भरायच्या छोट्या काचेच्या बल्बांवर नावाच्या चिकटपट्ट्या आधीच लावायच्या आणि सकाळी खाटेचा नंबर बघून रक्त काढायचं. पेंगणाऱ्या बायकांना नाव कशाला विचारा?

त्या दिवशी त्याच्या कागदावर एक नंबरला अनिता होती. बाळंतपणात फार रक्त गेलेलं, ओठ पांढरेफटक. दोन नंबरला अंजली, ठणठणीत. त्यानं दोघींचं रक्त घेतलं. अनिताच्या नावाचा बल्ब घेऊन तिचा नवरा अविराज मोटारसायकलवर बारामतीच्या रक्तपेढीत गेला, पिशवीच्या बदल्यात स्वतःचं रक्त देऊन आला आणि जुळवलेली पिशवी बर्फाच्या डब्यातून दुपारी घेऊन आला.

तोवर सोमनाथनं तपासण्या उरकल्या होत्या. अंजलीचं हिमोग्लोबिन पाच! एवढं कमी, तर बाई हिंडते कशी? रिपोर्ट घेऊन तो वॉर्डात गेला. अंजली खाटेवर बसून निवांत वेणी घालत होती. खाट नंबर एक.

"मावशी," त्यानं अनिताच्या सासूला, केसरबाईंना विचारलं, "या खाटा कुणी बदलल्या?"

"म्या. पहाटंच. तितं पोरीचं पाय दक्षिणेला जात व्हतं. यमाच्या दाराकडं पाय करून निजवू व्हय तिला?"

"आणि अंजलीताईचं?"

"ती धडधाकट हाय. तिला काय हुतंय?"

म्हणजे अनिताच्या नावाच्या बल्बात अंजलीचं रक्त गेलं होतं! सोमनाथ गर्रकन वळला. पलीकडं ज्योत्स्ना सिस्टरनं पिशवीला नळी जोडली होती. सुई अनिताच्या हाताशी गेली होती.

"सिस्टर, थांबा! ते रक्त तिचं न्हाय!"

कमावलेली शहरी भाषा एका ओरडण्यात उडाली.

"ताई, नाव सांगा," तो अनितावर वाकला. ओठ हलले, "अनिता." दंड आवळला. शीर लागेना. दोनदा टोचणी वाया गेली. तिसऱ्यांदा लागली. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकात ए रक्तगट ओळखायचा सीरम, दुसऱ्यात बी चा. काडीनं ढवळलं. ए चा थेंब नासलेल्या दुधासारखा फाटला, दुसरा तसाच गुळगुळीत राहिला. अनिता ए. पिशवीवर बी.

ती पिशवी चढली असती, तर असेच गोळे तिच्या नसांत झाले असते. तो भिंतीला टेकला आणि त्यानं सगळं कबूल केलं.

केसरबाई पुढं झाल्या. "नाव इचारायचं सोडून खाटंला टोचलंस व्हय रं?"

अविराजनं गाडीची किल्ली उचलली. सोमनाथ मागं बसला. नवा बल्ब मुठीत, त्यावरचं नाव त्यानं वाटेत किती वेळा वाचलं, देव जाणे. समोर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, की त्याला खाटेवरचे पांढरे ओठ दिसत.

रक्तपेढीत पुन्हा बदली रक्त मागितलं. अविराजनं तर सकाळीच दिलेलं. सोमनाथनं बाही वर सारली. तिथल्या माणसानं त्याला काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो.

"पंचेचाळीस लागतात. दुसऱ्यांचं रक्त काढता, स्वतः जेवत नाही काय?"

शेवटी, वजन भरलं की रक्त देईन, या सोमनाथच्या शब्दावर पिशवी मिळाली.

संध्याकाळी थेंब सुरू झाले. थंडी वाजते का, अंग तापतं का, म्हणून सोमनाथ तिच्या कपाळाकडं टक लावून बसला. पिशवी निम्मी झाल्यावर अनितानं पाणी मागितलं.

"उठ आता," केसरबाई म्हणाल्या, "तुझंच त्वांड पांढरं पडलंय."

आठव्या दिवशी अनिता बाळ घेऊन घरी गेली. सोमनाथ अजून महिन्यातून एकदा बारामतीला जाऊन त्या काट्यावर उभा राहतो. मागच्या खेपेला चव्वेचाळीस भरला. रजिस्टरात त्याच्या नावावर एक पिशवी रक्त देणं आहे.