वाढत्या अंगाची नाव

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी ओसरीत ज्वारी निवडत बसले होते. पलीकडे वहिनी होती. 'शकू, तुझा भाऊ गेला गं,' एवढंच बोलली आणि पुढे नुसतं रडणं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. ते नंतर आलं, भरपूर आलं. पण त्या क्षणी माझी नजर गेली ती भिंतीला टेकवून ठेवलेल्या पिवळ्या नावेकडे, आणि मनात आलं ते इतकंच की आता हिचं काय करायचं? सख्खा भाऊ गेला आणि बहिणीला प्लास्टिकच्या नावेची काळजी... अण्णाला हे सांगता आलं असतं तर तो रागावला नसता. 'आधी नावच आठवली? का बरं?' असं मात्र नक्की विचारलं असतं. त्याला जन्मभर प्रत्येक गोष्टीचं 'का बरं' लागायचं.

उदगीरच्या बाजारात आमचं तयार कपड्यांचं दुकान. वडिलांच्या मागे अण्णाच गादीवर बसला. शाळेचे गणवेश ही आमची खासियत, आणि गणवेश विकायचा आमच्या घराण्याचा एकच मंत्र होता: वाढत्या अंगाचा घ्या. पोरगं दुकानात आलं की त्याच्या मापाचा सदरा काढायचाच नाही, त्याच्या पुढचा काढायचा. बाह्या बोटांवरून लोंबल्या तरी चालेल, पुढच्या वर्षी बरोबर होतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, पोराला कोण विचारतो? त्यातली एक न विचारलेली पोर मी. दुकानदाराची मुलगी असूनही माझ्या अंगाला बसलेला झगा मला आठवत नाही. आधी तो ढगळ असायचा, आणि अंगाला यायच्या सुमारास विरून गेलेला असायचा. त्यातून अण्णाचं जुनं ते मला, त्यामुळे स्वेटर, रेनकोट, दप्तर, सगळ्यात मी आत कुठेतरी हरवलेली. यावरून मी त्याला आयुष्यभर टोमणे मारले आणि त्याने ते आनंदाने ऐकून घेतले.

हा मंत्र त्याच्या हाडांत इतका मुरला होता की दुकानाच्या पाटीवरही त्याने 'उदगीर, जि.' एवढंच रंगवून, लातूर न लिहिता, पुढे हातभर जागा मोकळी सोडली होती. आज ना उद्या उदगीर जिल्हा होणार, मग पुन्हा पेंटरला कशाला बोलवायचं, हा त्याचा हिशोब. दर निवडणुकीला नव्या जिल्ह्याची आवई उठायची, अण्णा पाटीवरची धूळ पुसून घ्यायचा, आणि आवई विरून जायची. ती जागा अजून तशीच आहे.

नावेचं खूळ शिरलं ते केदारनाथाच्या यात्रेत. परतताना ऋषिकेशला मुक्काम होता. घाटावर आम्ही सगळे हातपाय धूत होतो आणि अण्णा पाण्याकडे बघत उभा होता. खळाळत्या पाण्यातून एकेका माणसाच्या, वरून झाकलेल्या नावा येत होत्या. त्यांना कयाक म्हणतात हे आम्हाला तिथेच कळलं. त्यातली एक लाटेवर पालथी झाली. माणूस खाली, नावेचं बूड वर. वहिनीने तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात नाव आपोआप फिरावी तशी फिरली आणि माणूस वर आला, बसल्या जागी, केसांतून पाणी गाळत, जणू काही झालंच नाही. अण्णाने माझा दंड धरला. म्हणाला, 'शकू, ते नावेतून पडलं कसं न्हाई?' त्या दिवसापासून त्याला जगात दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. माणूस उलटा होऊन नावेसकट सुलटा कसा होतो, आणि उलटा असताना त्याला खाली काय दिसतं. पन्नाशी उलटलेला, मधुमेही, पोहायला विहिरीत शिकलेला माणूस. हे एकदा तरी मला जमलंच पाहिजे, असं त्याने ठरवून टाकलं.

तिथे एक शिकवणारा तरुण जुन्या नावा विकत होता. त्याने अण्णाचं वजन विचारलं, कारण या नावा माणसाच्या वजनावर ठरतात म्हणे. अण्णा नेमका दोन मापांच्या सीमेवर. आधी त्याने लहान नावेत बसवलं. कंबर दोन्ही बाजूंनी धरली गेली, गुडघे वरच्या कडेखाली घट्ट अडकले, तळपाय पुढच्या टेकूला भिडले. तो तरुण खूश झाला. त्याचं म्हणणं असं की या नावेत बसायचं नसतं, ती अंगात घालायची असते. कंबर हलली की नाव हलली पाहिजे, मध्ये बोटभरही फट नको. पाय मात्र दुखता कामा नयेत, आणि पालथं झाल्यावर सुटून बाहेर येता आलं पाहिजे, एवढंच बघायचं. मग त्याने मोठ्या नावेत बसवलं. तिच्यात अण्णा ऐसपैस मावला, मांडी बदलायलाही जागा. तरुण मान हलवत होता, लहान घ्या म्हणत होता, आणि आमच्या घराण्याचा तिसऱ्या पिढीतला दुकानदार मोठ्या नावेकडे बोट दाखवून ठामपणे म्हणाला, 'वाढत्या अंगाची बरी.' मी तिथेच डोक्याला हात लावला. त्या वयात त्याचं काय वाढणार होतं? तर म्हणे पोट.

नाव कापडाच्या गाठोड्यांबरोबर ट्रकमधून उदगीरला आली ती ऐन दुष्काळात. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं तो उन्हाळा. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि अशात दुकानासमोर ही पिवळीधमक वस्तू उतरली. शेजारच्या काशीबाईंनी तिच्या पोटात वाकून बघितलं आणि विचारलं, 'सावकार, ह्येच्यात किती घागरी मावतेत?' त्यांना ती नव्या तऱ्हेची टाकी वाटली. कोणी दुसरा असता तर ओशाळला असता. अण्णाला प्रश्न आवडला. त्याने नाव विटांवर चढवली, टँकरची नळी तिच्यात सोडली आणि काठोकाठ भरली. शेपटाशी आत शिरलेलं पाणी काढायला एक बूच असतं, त्याचा नळ झाला. सगळा उन्हाळा भांडी धुवायला त्या नावेतलं पाणी गेलं, आमच्याही घरात आणि काशीबाईंच्याही. पाण्यात जायची नाव, तिच्यातच पाणी. येणारे जाणारे हसायचे, अण्णा त्यांच्याबरोबर हसायचा आणि रोज बोटाने पातळी बघायचा. मोठं माप घेतल्याचा एवढा एक फायदा झाला, तो मात्र त्याने मला पुढे कितीतरी वेळा ऐकवला.

पुढे पाऊस झाला, गोदावरीला पाणी आलं, तशी नाव माझ्याकडे नांदेडला आली. धरणाच्या फुगवट्यात शहराबाहेर पाणी संथ आणि छातीएवढं असतं तिथे रविवारी सकाळी आम्ही जायचो. माझा मुलगा प्रसाद सरकारी नोकरीत आहे, पोहण्यात पटाईत. तो पाण्यात नावेशेजारी उभा राहायचा आणि मी काठावर चहाचा थर्मास घेऊन. कमरेभोवती रबरी घेर घालायचा आणि त्याची कड नावेच्या तोंडावर ताणून बसवायची, म्हणजे आत पाणी शिरत नाही. अण्णा त्याला परकर म्हणायचा. परकर घालून, डोक्याला शिरस्त्राण लावून तो शांतपणे पालथा व्हायचा. मग खाली धडपड, आणि थोड्या वेळाने अण्णा एकीकडे वर यायचा, नाव दुसरीकडे. सगळी गोम कमरेच्या झटक्यात. खालून कंबर फिरवायची की नाव फिरते. पण याची कंबर फिरायची आणि नाव ढिम्म. सैल चपला घालून पळण्यातली गत. महिने गेले तरी तेच. शेवटी एकदा ओला गच्च होऊन काठावर बसला आणि म्हणाला, 'पोरायला कसं वाटत आसंल गं, ढगळ सदऱ्यात?' मी म्हटलं, 'आता कळलं होय?' त्याच्या दुकानात त्यानंतर मापाचा गणवेश मिळू लागला, हे वहिनीने मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

मग आम्ही नाव आतून भरायला घेतली. पहिल्यांदा सोफ्याचा फोम घातला, तो पाणी पिऊन उशीसारखा फुगला. दुसऱ्यांदा योगासनांची जाड चटई कापली, ती जमली. अण्णा ओसरीतच नावेत बसायचा आणि मी शिवणाची कात्री घेऊन बाजूला. कमरेला एकेक पट्टी चिकटवायची, मग त्याने डोलून बघायचं. उजवीकडे चटकन भरलं, डावीकडे काही केल्या फट राहायची. मला कळेना. मग लक्षात आलं की हा माणूस सरळ बसतच नाही. आयुष्य दुकानाच्या गादीवर गेलं, डाव्या कोपराखाली लोड. सगळं अंग डावीकडे कललेलं. मी डावीकडे एक पट्टी जास्त घातली. तो डोलला, त्याच्याबरोबर नाव डोलली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून लहानपणीसारखे खिदळलो.

त्याच दिवसांत त्याला जेवण जाईनासं झालं. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली, ती चांगली नव्हती. औषधं सुरू झाली आणि अण्णा वाळत चालला. आम्हाला वाटलं आता नाव बंद. पण बरं वाटेल त्या रविवारी तो उदगीरहून यायचा, नावेत बसायचा, आणि पुन्हा फट. पुन्हा पट्टी. मला कात्री धरवेना. चेहऱ्याकडे बघून माणूस किती खंगलाय ते टाळता येतं, पण तिथे माझ्या हातात माप होतं. त्याला ते दिसलं असावं. म्हणाला, 'मी न्हाई गं कमी झालो. नावच वाढायलीय.'

त्या हिवाळ्यात एका सकाळी तो उलटा झाला. प्रसाद पुढे सरकला, आणि मी काठावर देवाचं नाव घेतलं. नावेचं पिवळं बूड थोडं थरथरलं. मग ती फिरली, आणि अण्णा वर आला... बसल्या जागी, घट्ट, केसांतून पाणी गाळत. तो काठाशी आल्यावर मी त्याचं डोकं पुसलं आणि विचारलं, काय दिसलं खाली? धाप लागली होती तरी तो विचार करून बोलला. 'पाणी वरून हिरवं दिसतंय ना, खालून तसं न्हाई. खालून पिवळं हाय. ज्वारीच्या कडब्यावानी. अन् लई शांत. तू बघ एकदा.' मी म्हटलं, मी कुठे मावते तुझ्या नावेत. त्यानंतर त्याला पाण्यात उतरण्याची ताकद राहिली नाही. ऋषिकेशला पुन्हा जायचं राहिलं ते राहिलंच.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून पुरतात. स्मशानात मी गेले होते. अण्णाला खड्ड्यात उतरवला, मांडी घालून बसवला, हातात इष्टलिंग दिलं. स्वामी मंत्र म्हणत होते, दोघं जण आत उतरून विभूती आणि बेलाची पानं अंगाभोवती भरत होते. खड्डा प्रशस्त घेतला होता, मोठ्या माणसाला साजेसा. आणि मला दिसलं की अण्णा कलतोय. ते त्याला सरळ करायचे, तो पुन्हा हळूच कलायचा. बायकांनी तिथे बोलायचं नसतं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. पण माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झाले आणि म्हणाले, 'डावीकडं अजून घाला. तो डावीकडं कलतो. अंगालगत घाला, फट ठेवू नका.' दोघांनी स्वामींकडे बघितलं. स्वामींनी मान डोलावली. त्यांनी डावीकडे ओंजळी ओंजळीने भरलं, आणि अण्णा सरळ बसला.

याला आता दीड महिना होत आला. नाव ओसरीतच होती. प्रसाद म्हणाला, कोणाला तरी देऊन टाकू. मी हो म्हटलं आणि देण्याआधी आतून पुसायला घेतली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर त्याच्या कमरेचे खोलगट ठसे होते, डावीकडचा जास्त खोल. किती लहान झाला होता तो. मी दार लावून घेतलं, लुगडं सावरलं, भिंतीला धरून एक पाय घातला, मग दुसरा, आणि जपून खाली बसले. वाटलं होतं, अडकेन किंवा हरवेन. पण कंबर दोन्हीकडून अलगद धरली गेली. गुडघे कडेखाली लागले, तळपाय टेकूला भिडले. बोटभरही फट नव्हती. अण्णाची जुनी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा मला मापात बसली, आणि मी तिथे बसून पोटभर रडले.

रडून झाल्यावर थोडं डोलून बघितलं. नाव माझ्याबरोबर डोलली. संध्याकाळी प्रसाद घरी आला तेव्हा त्याला सांगितलं की नाव कुणाला द्यायची नाही, आणि रविवारी थर्मास तुझ्या बायकोकडे दे. मला खालून पाणी बघायचंय.