साडेतीनची मुलाखत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुला सांगते — पण जरा दमानं ऐक, मला एका दमात बोलता यायचं नाही.

मी सापगावात घरून काम करते. एका कंपनीच्या साहेबांच्या मीटिंगा लावते, दुबई नि सिंगापूरच्या लोकांशी. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे — झोपेतसुद्धा सांगेन. घरात त्याचा केवढा तोरा होता माझा!

माझी नणंद पल्लवी मुरबाडला नर्स आहे. मागच्या साली एप्रिलात लंडनच्या एका हॉस्पिटलात तिची ऑनलाइन मुलाखत ठरली. तेव्हा तिचा ईमेलही मीच बघायचे. सकाळी दहा, लंडनचा टाइम. मोबाइलच्या कॅलेंडरनं आपोआप आपले दुपारचे अडीच दाखवले. मला हसू आलं. लंडन साडेपाच तास मागे, हे जानेवारीतच पाठ केलं होतं — मग अडीच कसे? याचं डोकं फिरलंय, म्हटलं. ती नोंद पुसली, स्वतःच्या हातानं साडेतीन टाकले. मार्चच्या शेवटी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, हे मला ठाऊक नव्हतं. दुबईत करत नाहीत, सिंगापुरात करत नाहीत. कुणाला विचारता आलं असतं — पण मी कशाला विचारतेय?

साडेतीनला पल्लवी इस्त्रीची साडी नेसून माझ्याशेजारी बसली. समोर कुणीच नाही. मी तिचा ईमेल उघडला. कॅलेंडरचे अडीचच खरे होते. त्यांनी लिहिलं होतं — आपण आला नाहीत; अडचण असेल तर दोन दिवसांत कळवा, दुसरी वेळ देऊ.

ऐकतेस ना? दुसरी वेळ देणार होते ते. दोन ओळी लिहायच्या होत्या फक्त. पण मग चूक माझी, हे सांगावं लागलं असतं. सासूबाई काय म्हणतील, हे काय म्हणतील! "नेटवर्क नाय गो," एवढंच म्हटलं, आणि मेल पुसून टाकला. कचऱ्याच्या डब्यातूनही काढला, कायमचा.

पल्लवी रडली नाही. "जाऊ दे वैनी, तू तरी किती करशील," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं ड्यूटीला गेली. तेव्हापासून तिनं माझा मोबाइल नुसता हातात घेतला तरी मी काहीतरी निमित्त काढून तो परत घेते.

आता तिचा ईमेल ती स्वतः बघते. परवा तिनं त्याच हॉस्पिटलात पुन्हा अर्ज केला. त्यांचं लगेच उत्तर आलं — मागच्या वेळी आपण आला नाहीत, आमच्या मेललाही उत्तर दिलं नाहीत, कारण कळवा. तिनं मान वर करून विचारलं, "वैनी, ह्यांचा मेल आलता काय गो?"

सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं?

"नाय," मी म्हटलं.

त्यांच्याकडे तो मेल आहे, तारखेसकट. पल्लवीनं लिहिलं, मला आपला कोणताही मेल मिळाला नाही. खाली स्वतःचं नाव टाकलं आणि पाठवून दिलं. मी शेजारीच बसले होते.