खेळातलं चारकोप

किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार भरलाय, असं मी सांगितलं आणि नवऱ्याने लगेच विचारलं, "काय काय मिळतं बाजारात?"

खेळाच्या पुस्तकात लिहिलं होतं तेवढं मी वाचून दाखवलं होतं: लोहार, सराई, घोड्यांचा तबेला. त्यापुढे मलाही ठाऊक नव्हतं. "भाजी," मी म्हणाले. "कुठली?" तो म्हणाला. मला चिडवायचा त्याचा हेतू नव्हता. बँकेत नोकरी करणारा सरळ माणूस तो, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काहीही सांग ना ताई," माझा धाकटा भाऊ म्हणाला. "पडवळ सांग."

युरोपातल्या त्या किल्ल्याखाली पडवळ काही मला विकवेना.

हा खेळ आमच्या घरात भावानेच आणला. तो घाटकोपरला राहतो. कॉलेजपासून त्याचे मित्र जमून हे खेळायचे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपलं माणूस काय करतं ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नाही. मी मरोळच्या एका ऑफिसात पंप आणि मोटरींची माहितीपुस्तकं लिहिते, म्हणून भावाने ठरवून टाकलं की गोष्ट ताई सांगणार, नियम तिला पटकन समजतील. नियम समजले. पण रविवारी दुपारी आमच्या चारकोपच्या घरात चौघं बसायचो आणि तासाभरात सगळ्यांना जांभया यायच्या.

चौथी माझी ऑफिसमधली मैत्रीण. ती इथलीच, चारकोपच्या कोळीवाड्यात जन्मलेली. आमच्या सेक्टरपासून तिचं घर चालत वीस मिनिटांवर. त्या दिवशी पडवळावरून हसून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, तू ही गोष्ट चारकोपमध्येच का नाही घडवत? इथली भाजी तरी तुला माहितीये."

"चारकोपमध्ये काय आहे?" मी म्हणाले.

"चौदा वर्षं राहतेयस ना तू इथे?"

भाऊ म्हणाला, "भारी होईल ताई. कर तू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी रिक्षा दोन बसस्टॉप आधीच सोडली आणि एक वही घेऊन चालायला लागले. तोवर चारकोप म्हणजे माझ्यासाठी घरी पोचण्याआधीचा पट्टा होता, बस्स. आता प्रत्येक गोष्टीकडे मी एकाच प्रश्नाने बघायला लागले: हे मी तिघांना कसं सांगणार? आणि काय सांगितलं की त्यांना हे डोळ्यांपुढे दिसेल? नुसतं 'सेक्टरमध्ये बैठी घरं होती' म्हणून भागत नव्हतं. एकाच आकाराच्या भूखंडावरची शेजारशेजारची घरं, पण एकाने वर मजला चढवलेला, दुसऱ्याने जिना बाहेरून काढलेला, तिसऱ्याने अंगण पत्र्याने झाकून तिथे शिवणक्लास काढलेला. संध्याकाळी साडेसहाला एका गल्लीत तीन घरांतून एकच मालिका ऐकू येते. चालत गेलं तर एकही वाक्य चुकत नाही. हे मी वहीत लिहिलं आणि मलाच मजा वाटली.

औद्योगिक वसाहतीत मी चौदा वर्षांत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कानाला कळलं. प्रत्येक गाळ्याचा आवाज वेगळा: कुठे प्रेस मशीनचा ठोका, कुठे करवत, कुठे नुसता पंखा. गरम प्लास्टिकचा वास यायचा आणि दहा पावलांवर मसाला कांडपाचा. एका गाळ्यात बक्षिसांच्या कपांवर लावायचे छोटे पुतळे बनत होते. सोनेरी बॅट्समन, शेकड्याने, ट्रेमध्ये आडवे पडलेले. मी दारात उभी राहिले तशी मालक उठून आला.

"मॅडम, इन्स्पेक्शन?"

"नाही हो. मी इथेच राहते. बघतेय फक्त."

त्याला ते काही पटलं नसावं. पण त्याने चहा मागवला आणि दाखवलं की कबड्डीचा पुतळा सगळ्यांत कठीण, कारण पाय वाकवलेला असतो आणि साच्यातून काढताना तोच मोडतो. मी तेही लिहून घेतलं.

त्या रविवारी खेळ रंगला. गोष्ट साधी ठेवली होती: या गाळ्यात दुरुस्तीला आलेली एक जुनी ढाल आहे, होड्यांच्या शर्यतीची. विजेत्याचं नाव पुसलंय. ती कोणाची, ते शोधायचं. नवरा रिक्षावाला झाला, भाऊ गाळ्यातला कारागीर आणि मैत्रीण एका दवाखान्यातली नर्स. मी प्रेसचा ठोका टेबलावर वाजवला आणि नवऱ्याने मशीनवरून आवाज जावा म्हणून खरोखर ओरडून प्रश्न विचारला. चहा कोणी आणला, कटिंग होता की फुल, यावर दहा मिनिटं गेली. कोणालाही जांभई आली नाही.

मग गोष्ट कोळीवाड्याकडे वळली. मी वहीतलं पान उलटलं आणि आवाज खाली आणून सांगायला लागले: अमावास्येची संध्याकाळ. खाडी काठोकाठ भरलेली. कांदळवनावर धुकं. गावात चिटपाखरू नाही. अंधारातून एक होडी येते, तिच्यात तोंडाला फडकं बांधलेला एक म्हातारा, एक शब्द न बोलणारा...

"थांब," मैत्रीण म्हणाली. "हे कुठलं गाव?"

"तुमचं."

"आमचं नाही हे. संध्याकाळी आमच्याकडे चिटपाखरू नाही? पोरं क्रिकेट खेळत असतात, बायका ओट्यावर बसून तावातावाने भांडत असतात. माझी आई टीव्ही लावते तो समोरच्या घरात ऐकू जातो." ती हसत नव्हती. "गाळ्यातला माणूस तुझ्या गोष्टीत चहा पितो. कोळीवाडा आला की तुझा आवाज का बदलतो गं? आमच्याकडेच का धुकं?"

भावाने फासा हातात घोळवला आणि खाली ठेवला. मी म्हणाले, "अगं, खेळ आहे."

"माहितीये खेळ आहे. तू तिकडे गेली होतीस का लिहायच्या आधी?"

मी गेले नव्हते. सेक्टर पायी पाहिला, गाळ्यांमधून फिरले, पण कोळीवाडा मी घरी बसून लिहिला होता. तिथे जायची गरज आहे असं मनातसुद्धा आलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा मला लाज वाटली. ती जरा नरमली. "पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे या," ती म्हणाली.

तिची आई कांदिवलीच्या बाजारात मासे विकते. आम्ही गेलो तेव्हा बाजार आटपून आलेली, दारात पाटावर बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. गुळगुळीत फरशीचं, तीन खोल्यांचं घर. टीव्ही खरंच मोठ्याने लागलेला. मैत्रिणीने तो बंद केला आणि आम्ही जमिनीवर वह्या मांडल्या.

"कसला खेल हाय हा?" तिच्या आईने, आमच्या मावशींनी, विचारलं.

मी समजावलं. त्या ऐकत होत्या आणि हात थांबत नव्हते. "म्हंजे खोटी गोष्ट, पन सगल्यांनी मिलून सांगायची," त्या म्हणाल्या. त्याहून नेमकं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मग मी त्यांना होडीचा प्रसंग वाचून दाखवला, धुकं वगळून. त्यांनी हात थांबवला.

"तिथी कंची?"

"अमावास्या."

"आनि टाइम?"

"संध्याकाळ. सहा वाजता."

"मग होरी येल कशी?" त्या म्हणाल्या. "अवशेला पानी दुपारी बाराला भरतं. सहाला खारीन पानीच नाय. नुसता चिखल. तुजा म्हातारा होरी खांद्यावर घेऊन येनार काय?"

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी वही पुढे ओढली आणि विचारत सुटले. अष्टमीला कसं? अष्टमीला भांग, त्या म्हणाल्या, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि भरती सकाळ-संध्याकाळ. दररोज पाणी पाऊण तासाने पुढे सरकतं. म्हणजे जाळं टाकायला कधी निघायचं ते तिथीवर, घड्याळावर नाही. मी प्रश्न विचारत होते आणि त्या, हे कोणाला माहीत नसतं होय, अशा नजरेने माझ्याकडे बघत होत्या.

"मना पन घ्या खेलात," त्या अचानक म्हणाल्या.

भाऊ म्हणाला, "घ्या ना मावशी. तुम्ही कोळीण व्हा."

"कोलीन तं मी हायच. त्याला खेल कशाला पायजे?" त्यांनी हात पुसले, थोडा विचार केला. "मी शालेची हेडबाई."

मैत्रिणीने चमकून आईकडे पाहिलं. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, हे तिने मला नंतर सांगितलं.

मी प्रसंग बदलला. दुपारचे बारा, भर ऊन, पाणी वर आलेलं, पोरं क्रिकेट खेळतायत आणि होडी येते. फडकं बांधलेला म्हातारा मात्र मी सोडला नव्हता. तो माझा लाडका होता. कोणी काय विचारायचं, याची चर्चा चालू होण्याआधीच हेडबाई पुढे झाल्या. पाठ ताठ, आवाज वेगळाच, शुद्ध शाळेतला.

"तोंडावरचं फडकं काढा. तुम्ही कोणाचे?"

मी म्हातारा होऊन फडकं घट्ट धरल्यासारखं केलं.

"मी विचारतेय तुम्हाला. आमच्या गावात माणूस येतो तो कोणाचा तरी असतो. आई कोण तुमची?"

म्हातारा कोणाचाच नव्हता. मी त्याला नुसता गूढ ठेवला होता. आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिथल्या तिथे रचलं: तो या गावचाच. तरुणपणी जहाजावर नोकरीला गेला, तीस वर्षांनी परत आलाय. ढाल त्याची. आणि तोंड झाकलंय ते लाजेने, कारण होडी वल्हवायची त्याची सवय गेलीय. खाडी ओलांडताना दोनदा फिरून तिथेच आला, आणि पोरं हसली.

मावशींनी करंदीचं ताट बाजूला सरकवलं. मग हेडबाईंच्याच आवाजात म्हणाल्या, "त्यात काय लाजायचं. उद्या सकाळी या. शिकवेल कोणीतरी." आणि स्वतःच्या आवाजात, माझ्याकडे वळून, "बाय, त्याला आदी जेवाला घाल. दमला असल."

भावाने विचारलं, फासा टाकू का. मैत्रीण म्हणाली, नको.

पुढची अमावास्या शनिवारी आली. मैत्रीण आणि मी साडेअकराला खाडीकडे उतरलो. वाट जिथे संपते तिथे पाणी आलं होतं. बांधलेल्या दोन होड्या एकमेकींवर आपटत होत्या आणि दोरी मधूनमधून ताणली जात होती. कांदळवनाची मुळं दिसेनाशी झाली होती. मी घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.

"एक सांगू?" मैत्रीण म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले खरी. पण अमावास्येला संध्याकाळी पाणी नसतं, हे मलाही माहीत नव्हतं. धुकं खटकलं, पाणी नाही खटकलं. इथे उतरून मला बारा-तेरा वर्षं झाली असतील."

ती वाकून दोरीची गाठ न्याहाळत होती. अशी गाठ कशी मारतात ते तिला आठवत नव्हतं, मला तर कधी ठाऊकच नव्हतं. तिने फोन काढला आणि आईला लावला. बाजारातल्या गलक्यात मावशींना आधी काही ऐकूच येईना. "काय गो?" त्या ओरडल्या, आणि मैत्रीणही पाण्याकडे बघत तेवढ्याच जोरात ओरडून गाठीबद्दल विचारायला लागली.