झोपलेल्याला उठवायचं नाही

पालघरात एका हॉलच्या वरच्या मजल्यावर आमचा सकाळचा योगवर्ग भरतो. शिकवणारे सर केळव्याचे, घरच्या सुपारीच्या वाडीला पाणी सोडून मग स्कूटरवर येणारे. मी तिथे गेले ती झोपेसाठी. नवरा गेल्यापासून मला धड झोप अशी नव्हती. गोळ्या किती दिवस घेणार, म्हणून डॉक्टरांनीच आसनं सुचवली होती.

या वर्गाची एक रीत आहे. शेवटी शवासनात ज्याला झोप लागेल त्याला उठवायचं नाही. बाकीचे सतरंज्या गुंडाळून, पाय न वाजवता निघून जातात आणि ज्याच्याकडे त्या दिवशी किल्ली असेल तो झोपलेला उठेपर्यंत बसून राहतो. मी जन्मभर शाळेत शिकवलेलं. वर्गात डुलकी घेणाऱ्याला फळ्यापाशी उभं करणारी मी. मला हे निव्वळ लाड वाटले.

त्यात माझ्या डाव्या हाताला बोईसरच्या कारखान्यातून रातपाळी संपवून येणारा एक कामगार. सरांनी शवासन म्हणायचा अवकाश, की हा घोरायला लागे. ज्या झोपेसाठी मी पहाटे उठून यायचे ती ह्याला फुकट मिळत होती. त्याचा अंगठा धरून ओढावा, असं कितीदा तरी मनात आलं. एकदा किल्ली माझ्याकडे होती तेव्हा मी त्याच्यापाशी धुमसत बसले. जागा झाल्यावर तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, रूम पे अकेले नींद नहीं आती. यहाँ कोई बैठा रहता है ना."

"दिसतंय ते," मी म्हटलं आणि कुलूप लावलं.

उजव्या हाताला सातपाटीची मावशी. गुडघ्यांसाठी यायची. मासळीची पाटी खाली जिन्याशी बर्फ घालून, ओलं गोणपाट टाकून ठेवायची आणि वर्ग सुटला की थेट बाजारात. जरा उशीर झाला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, म्हणून तिची सदा घाई.

दिवाळीनंतरची गोष्ट. सरांनी 'डोळे मिटा' म्हटलेलं आठवतं, पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन हॉलच्या मध्यापर्यंत आलं होतं. सगळे गेले होते. माझ्या उशाशी मावशी गुडघे चोळत बसली होती, किल्ली तिच्या मांडीवर. तिची बाजाराची वेळ कधीच टळून गेली होती.

मी धडपडत उठले. "मावशी, उठवायचं नाही का मला? तुमची मासळी खाली तशीच आहे."

"म्हावरं बरफात हाय. त्याला काय नाय होत," ती म्हणाली. "तुमी इतक्या घोरत होत्या, उठवायला मन नाय झालं."

"मी घोरते?"

"त्या कारखान्यावाल्यापेक्षा जोरात."

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने मला हे कधी कळू दिलं नव्हतं. रोज रात्री तो शेजारी पडून ऐकत असणार, आणि सकाळी चहा करताना एक शब्द नाही. मला हसू फुटलं आणि हसता हसताच मी रडायला लागले. तो गेल्यानंतर इतकं मोकळं रडले नव्हते.

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग पदर खोचत उठली.

"उद्यापासून सुनेला बसवते बाजारात," ती म्हणाली. "तुमी निवांत झोपा, बाई. मी हाय."